टिकली न लागलेली खोली

मित्रांनो, मी टेबल आहे असे म्हटले की तुम्हाला वाटेल, माझ्यावर कोणी वह्या पसरत असेल, नाहीतर ताटे मांडत असेल. तसले घरगुती भाग्य माझ्या वाट्याला आले नाही. मी टेबल-टेनिसचे एक जुने टेबल आहे. मधोमध जोडलेले दोन तुकडे, दुमडणारे लोखंडी पाय, अंगावर गडद हिरवा रंग आणि कडेने पांढरी पट्टी, एवढाच माझा थाट. रंगही आता जागोजागी उडाला आहे. ज्या खोलीत मी हल्ली उभे असते तिला दोन दारे आहेत, आणि दोन्ही दारांच्या कड्या बाहेरून लावलेल्या असतात. दिवसातला बहुतेक वेळ मी एकटेच असते. एकटेपणात जुन्या गोष्टी फार आठवतात आणि कोणाला तरी सांगाव्याशा वाटतात. म्हणून तुम्हाला हाक मारली.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवले. लाकडाचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून त्याने माझी पाठ तयार केली, दोरा ताणून पांढऱ्या रेघा ओढल्या आणि मग एक हलका चेंडू घेऊन तो माझ्याभोवती फिरू लागला. वीतभर पुढे सरकायचे, चेंडू सोडायचा आणि डोळे मिटून ऐकायचे. त्याच्या सुनेने विचारले, "मामंजी, रंग वाळायच्या आत खेळायला बसलात होय?" तो म्हणाला, "खेळत नाही गं, ऐकतोय. दिसायला कसंही असलं तरी चालेल याला. आवाज सगळीकडे सारखा पाहिजे." माझा आवाज सगळीकडे सारखा निघाला तेव्हा त्याने माझ्यावर थाप मारली. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

तिथून मी क्रीडा संकुलात आले. संकुल तेव्हा नवे होते. पुढे धावण्याचे मैदान, मधे बॅडमिंटनचा मोठा हॉल आणि मागे पोहण्याचा तलाव. तलावाच्या बाजूला, ओल्या पावलांच्या वाटेवर एक लांबट खोली होती. ती माझी. सुरुवातीची वर्षे माझ्या खोलीत उभे राहायला जागा मिळत नसे. खेळणारे दोघे आणि "पुढचा नंबर माझा" म्हणणारे वीस अशी तऱ्हा असे. चेंडू माझ्यावर टपटपत राही आणि दिवस कसा सरला ते कळत नसे.

त्या गर्दीत दोन भाऊ होते. थोरला चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. धाकटा विजेच्या खांबांवर चढून तारा ओढायचा. धाकट्याला सगळे बाळ्या म्हणत, आणि पुढे त्याला मिशा आल्या, पोट आले, केस पिकले, तरी तो बाळ्याच राहिला. दोघे जोडीने खेळत. जोडीच्या खेळात एक गंमत असते, ती तुम्हाला सांगते. आपल्या जोडीदाराला काही सांगायचे असेल तर ते समोरच्याला कळता कामा नये. म्हणून खेळाडू टेबलाखाली हात नेऊन खुणा करतात. थोरला खुणा करत नसे. तो माझ्या पोटावर बोटाने टिचकी मारी, आणि शेजारी लाकडाला बोटे लावून उभ्या असलेल्या बाळ्याला ती कळे. एक टिचकी म्हणजे चेंडू लांब टाक. दोन टिचक्या म्हणजे मी मागे आहे, तू पुढे हो. बाहेर कोणाला हे ठाऊक नव्हते. ते दोघे आणि मी, असे आम्ही तिघेच जाणकार. त्या जोडीने इतके चषक जिंकले की कार्यालयातले काचेचे कपाट कमी पडू लागले.

मग एका वर्षी वार्षिक स्पर्धेत बाळ्या एकट्याच्या खेळात शेवटच्या सामन्यापर्यंत पोचला. त्या दिवशी थोरला आला नव्हता. त्यांची आई बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली होती. "तू खेळ, मी बसतो आईजवळ," असे तो म्हणाला होता. सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या डावात एकोणीस-एकोणीस झाले. तेव्हा डाव एकवीस गुणांचा असे, म्हणजे दोनच गुण उरले होते. इतक्यात दारात थोरला येऊन उभा राहिला. तो अनवाणी होता. एका हाताने त्याने चौकट धरली होती. तो हाक मारील असे मला वाटले. त्याने ओठ उघडले आणि मिटले.

सर्व्हिस बाळ्याची होती. चेंडू त्याच्या हातातून निसटून माझ्यावर पडला आणि घरंगळला. त्याने तो उचलला, पुसला आणि सर्व्हिस केली. पहिला गुण त्याला मिळाला, दुसराही मिळाला. टाळ्या वाजल्या. बाळ्या वळला आणि धावत दाराकडे गेला. चषक घ्यायला त्या दिवशी कोणी थांबलेच नाही.

पुढचे मला संकुलाची झाडलोट करणाऱ्या मावशींकडून कळले. दोघे घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती. अगदी नुकतीच, हात अजून ऊन होते. तेव्हापासून भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. लोकांनी आपापले तर्क लढवले. कोणी म्हणे, थोरल्याने लगेच हाक मारायला हवी होती, म्हणून बाळ्या चिडला. कोणी म्हणे, थोरला कशाला हाक मारतो, त्याला चषक हवा होता. घर तीन खोल्यांचे होते. एक थोरल्याने घेतली, एक बाळ्याने. मधली आईची. ती कोणीच घेतली नाही. दोघांनी आपापल्या बाजूच्या दाराला कडी घातली.

दोघेही माझ्याकडे यायचे थांबले. हळूहळू इतरही थांबले. मोठ्या हॉलमध्ये नवे दिवे लागले, गर्दी तिकडे वळली. माझ्या खोलीच्या छपराला एक चीर पडली. तिच्यातून ठिबकणारे पाणी माझ्या एका कोपऱ्यावर पडे आणि ते कोणाच्या लक्षात यायला फार दिवस गेले. लाकूड फुगले. चीर बुजवली, पण त्या कोपऱ्यावर पडलेला चेंडू पुन्हा पूर्वीसारखा उसळला नाही. झोपेतून उठवलेल्या माणसासारखा तो जेमतेम वर येई. सुताराने डोळे मिटून जो आवाज ऐकला होता तो मी तिथे कायमचा गमावला. मित्रांनो, म्हातारपण असे एका कोपऱ्यापासून सुरू होते.

वर्षे गेली. दोघेही भाऊ नोकरीतून निवृत्त झाले. एका दुपारी थोरला चालत चालत संकुलात आला आणि माझ्या दारात उभा राहिला. आत बाळ्या होता. भिंतीवर चेंडू मारून एकटाच खेळत होता. थोरला परत फिरणार, तेवढ्यात मावशी बादली घेऊन आल्या.

"एक टेबल आहे, दोन माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "आणि दोघं मिळून भिंतीशी खेळणार का? सरका जरा, मला लादी पुसायचीय. एक जण इकडे व्हा, एक जण तिकडे."

एक जण इकडे झाला, एक जण तिकडे. आयुष्यभर माझ्या एकाच बाजूला उभी राहिलेली ती माणसे पहिल्यांदा समोरासमोर आली. बाळ्याने सर्व्हिस केली.

मग ते रोज दुपारी येऊ लागले. खेळ म्हटला की गुण मोजावे लागतात, आणि गुण मोठ्याने सांगावे लागतात. तेवढेच ते बोलत. "चार-दोन." "चार-तीन." झोपाळू कोपऱ्यावर चेंडू पडला तर तो गुण कोणाचाच नाही असे न ठरवताच ठरले होते. ज्याच्या बाजूला चेंडू असेल तो म्हणे, "परत," आणि तो गुण पुन्हा खेळला जाई. याशिवाय एक शब्द नाही. आणि आणखी एक गोष्ट. डाव एकोणीस-एकोणीसवर आला की दोघे बॅट खाली ठेवत, घाम पुसत आणि निघून जात. आधी थोरला, थोड्या वेळाने बाळ्या. घर एकच, वाट एकच, पण जायचे वेगवेगळे.

मावशी एकदा थोरल्याच्या बायकोला म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या घरात दोन गुणांची टंचाई आहे का हो? कधी एकविसापर्यंत जातच नाहीत."

वहिनी न्यायला आल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. "असू दे," म्हणाल्या. "एकोणीसपर्यंत तरी बोलतात."

तर अशा दिवसांत संकुलाच्या फाटकावर एक पाटी लागली. संकुल सुधारायचे आहे, कोणाला काय हवे ते येऊन सांगा, असे तिच्यावर लिहिले होते. आराखडा मोठा होता आणि तो पसरायला तेवढेच मोठे टेबल हवे होते. असे टेबल संकुलात एकच होते. माझी जाळी सोडली, धूळ झटकली आणि माझ्या पाठीवर संकुलाचा नकाशा अंथरला. कितीतरी वर्षांनी माझ्या खोलीत गर्दी झाली. मला वाटले, माझे दिवस फिरले. मग ध्यानात आले की सगळे माझ्यावरच्या कागदाकडे बघत आहेत.

आराखडा काढणारी बाई तरुण होती, पण बोलायला गोड आणि ऐकायला तयार. तिने प्रत्येकाला तीन लाल टिकल्या दिल्या. कपाळाला लावतात तशाच, पण कागदाच्या. "तुम्हाला संकुलात जे जपावंसं वाटतं किंवा जिथे सुधारणा हवी, तिथे टिकली लावा," ती म्हणाली. "ज्या जागेला टिकल्या जास्त, तिचा विचार आधी. आणि बोलाही. मी लिहून घेते."

लोक बोलले. एक गृहस्थ सगळ्यांत जास्त वेळ बोलले. मावशी नंतर म्हणाल्या की या गृहस्थांना संकुलात आपण आजच पहिल्यांदा पाहिले. बॅडमिंटनवाल्यांना जमिनीवरची भेग बुजवून हवी होती. एका आजोबांना पाठ टेकायला येईल असा बाक हवा होता. "नुसता बाक नको," ते म्हणाले. "नुसत्या बाकावर बसलं की उठवत नाही, आणि उठलं की बसवत नाही."

मग पोहायला येणारी एक शिक्षिका पुढे झाली. "बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीला कडी नाही," ती म्हणाली. "एकीनं बाहेरून दार ओढून धरायचं, मग दुसरीनं बदलायचं. आणि एकटी आलेल्या बाईनं काय करायचं? घरी जायचं."

 तिच्या म्हणण्यात खोटे काही नव्हते. तिच्यामागे उभ्या असलेल्या बायकांनी एकेक करून तलावाशेजारी टिकल्या लावल्या.

थोरला माझ्या एका टोकाला उभा होता, बाळ्या दुसऱ्या टोकाला. वहिनी थोरल्याच्या शेजारी. दोघांच्या हातांत तीन-तीन टिकल्या. नकाशावर माझी खोली एका कोपऱ्यात होती, लहानशी चौकट. आता हे लावतील, असे मला वाटले. पण मित्रांनो, तिथे टिकली लावायची म्हणजे काय, ते तुम्हीच बघा. भरल्या खोलीत, भावाच्या देखत कबूल करायचे की मला या खोलीची गरज आहे. म्हणजे मला तुला भेटायची गरज आहे. थोरल्याने बाळ्याकडे पाहिले, बाळ्याने थोरल्याकडे. मग थोरल्याने आपल्या तिन्ही टिकल्या गाड्या लावायच्या जागेवर चिकटवल्या.

वहिनी वाकून बघू लागल्या. "गाड्यांना? आपल्याकडे सायकल तरी आहे का?"

"घेऊ पुढेमागे."

"घ्या. मागे बसायला मी आहेच."

तिकडे बाळ्याने आपल्या तिन्ही टिकल्या तलावाच्या मधोमध लावल्या. मावशींनी त्या पाहिल्या. "भाऊ, तुम्ही तर तलावावरून जाताना भिंतीला धरून चालता."

"शिकायचं म्हणतोय."

"खांबावर चढणारा माणूस पाण्याला भितो, नवलच आहे."

"खांबाला धरायला असतं काहीतरी," बाळ्या म्हणाला.

सगळे हसले. हसणे ओसरल्यावर त्या बाईने नकाशाकडे निरखून पाहिले आणि माझ्या खोलीवर पेन्सिल टेकवली. "हा एवढा भाग अगदी कोरा राहिला. ही खोली कोणी वापरतं का?"

"दोघं येतात दुपारचे," मावशी म्हणाल्या.

"कोण दोघं?"

मावशींनी आधी एका टोकाकडे पाहिले, मग दुसऱ्या. "इथंच असतील. त्यांनाच विचारा."

बाईने सगळ्यांवरून नजर फिरवली. "कोणी असेल तर सांगा. सांगितलं तर विचार करता येईल."

त्याच वेळी माझ्या पोटाखाली एक बोट आले. टिचकी बसली. मग दुसरी. दोन टिचक्या. मी मागे आहे, तू पुढे हो. इतक्या वर्षांनी मला ती खूण कळली आणि माझे सगळे लाकूड जणू जागे झाले. पण बाळ्याचे दोन्ही हात खिशात होते. त्याला ती पोचली नाही. ती फक्त मला पोचली, आणि मला तोंड नाही.

"येत असतील कोणी," थोरला म्हणाला.

"असतील," बाळ्या म्हणाला.

बाईने त्या चौकटीवर बारीक अक्षरात काहीतरी लिहिले. ती काय लिहिणार? कोणी वापरत नाही, असेच. तिला दोष देता येणार नाही. तिने विचारले होते, आणि पुन्हा एकदा विचारले होते.

थोड्या दिवसांनी नवा आराखडा व्हरांड्यात लावला गेला. हरकत असेल तर कळवा, असे त्याखाली होते. माझ्या खोलीच्या जागी बायकांसाठी कपडे बदलायची खोली काढली होती, चांगल्या भक्कम दाराची आणि आतून कडी असलेली. थोरला रोज खेळायला येताना त्या कागदापुढे थांबे. बाळ्याही थांबे. हे मावशी एकदा वहिनींना सांगत होत्या, तेव्हा मी ऐकले. वहिनी म्हणाल्या, "घरी मी डोकं फोडून घेतलं. हे म्हणतात, त्यानं सांगावं, तो जास्त खेळतो. मी दारात जाऊन भावजींना विचारलं, तर ते म्हणतात, मोठा तो आहे, त्यानं बोलावं. आता मी तिसरी बाई जाऊन काय सांगू, की या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं चालू राहावं म्हणून एक खोली राखून ठेवा?"

"सांगितलं तर काय बिघडलं?" मावशी म्हणाल्या.

"ती शिक्षिका दार धरून उभी राहते, ते मी डोळ्यांनी पाहिलंय," वहिनी म्हणाल्या. यावर मावशींनी बादली उचलली. दोन्ही बाजू खऱ्या असल्या की माणसे अशीच कामाला लागतात.

शेवटच्या दुपारी दोघे नेहमीसारखे आले. गुण मोजले गेले, दोनदा "परत" झाले. एकोणीस-एकोणीस झाले. दोघांनी बॅट ठेवल्या. रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ उभे राहिले. मला वाटत राहिले, आता कोणीतरी बोलेल. थोरल्याने घाम पुसला आणि तो निघून गेला. बाळ्याने माझी जाळी सोडून नीट गुंडाळली, माझ्यावर ठेवली आणि तोही गेला.

गवंडी यायच्या आधी मला बाहेर काढून मागच्या व्हरांड्यात ठेवले. दुमडलेले, भिंतीला टेकलेले. शेजारी शर्यतीचे तुटके अडथळे आणि फाटक्या गाद्या. संकुलाच्या कारकुनाने फाटकावर लिहिले की ज्याला टेबल हवे असेल त्याने घेऊन जावे, नाहीतर ते भंगारात जाईल. मी तिथे किती दिवस होते ते सांगता येणार नाही. भिंतीला तोंड करून ठेवले की सकाळ आणि संध्याकाळ सारखीच दिसते. खेळणाऱ्यांचे आवाज भिंतीपलीकडून येत. माझ्यावर चेंडू पडत नव्हता, त्यामुळे माझा स्वतःचा आवाज मला ऐकू येत नव्हता. ते सगळ्यांत वाईट.

एके सकाळी हातगाडीची करकर ऐकू आली. थोरला हातगाडी ढकलत आला होता. त्याने माझी एक कड धरून उचलून पाहिली. मी वीतभर हलले आणि पुन्हा बसले. तो कंबर धरून उभा राहिला. इतक्यात दुसऱ्या बाजूने टेम्पो आला आणि त्यातून बाळ्या उतरला. एकाने दुसऱ्याला पाहिले. दोघेही जागच्या जागी थबकले. परक्याच्या घरी चोरी करताना सापडावे तसे दोघांचे चेहरे झाले होते.

मावशी झाडू टाकून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "गाड्या दोन आणल्यात," त्या म्हणाल्या. "वस्तू एक आहे. आणि ती एकट्यानं उचलायची नाही, हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक असायला हवं."

टेम्पोवाल्याने भोंगा वाजवला. बाळ्या पुढे झाला आणि त्याने माझे एक टोक धरले. थोरल्याने दुसरे. उचलले. थोरला मागे मागे चालत होता. काचा घासून घासून त्याचे डोळे अधू झाले होते आणि व्हरांड्याला तीन पायऱ्या होत्या. मी दोघांच्या मधे आडवे होते, त्यामुळे त्याला खालचे काही दिसत नव्हते.

"दादा," बाळ्या म्हणाला. "पायरी आहे."

थोरला थांबला. मी दोघांच्या हातांत तोलून राहिले. दोन्हीकडचे हात घट्ट झाले.

"किती?" थोरल्याने विचारले.

"तीन. सावकाश ये. मी धरलंय."

मित्रांनो, गुण सोडून हे त्यांचे इतक्या वर्षांतले पहिले बोलणे. समोरासमोर बसून, मन मोकळे करून बोलावे तसे ते नव्हते. ओझे उचलताना जे बोलावेच लागते तेवढेच. पण तेवढ्यासाठी मी कितीही जड व्हायला तयार होते.

मला कुठे न्यायचे, हा प्रश्न वाटेत कोणी काढला नाही. थोरल्याची खोली लहान, बाळ्याची त्याहून लहान. टेम्पो दारात थांबला. वहिनी बाहेर आल्या, त्यांनी आपल्या बाजूची कडी काढली आणि आईच्या खोलीचे दार उघडले. मग पदराने डोळे पुसत बाळ्याच्या दारात जाऊन त्याच्या बाजूचीही कडी त्यांनीच काढली. कोंदट वास आला. खाट एका भिंतीला लावली आणि मी मधोमध उभे राहिले. दोन्ही बाजूंना जेमतेम एक माणूस मावेल एवढीच जागा उरली. जोरात फटका मारायला हात मागे नेला तर कोपर भिंतीला लागे. तेव्हा ते हळू खेळू लागले. म्हाताऱ्यांना तसेही हळूच बरे पडते.

पहिल्याच डावात एकोणीस-एकोणीस झाले. बॅट खाली ठेवायची वेळ झाली. थोरल्याने ठेवली नाही. तो माझ्यावर हात टेकून उभा राहिला.

"मी उगाच थांबलो रे त्या दिवशी," तो म्हणाला. "हाक मारायला हवी होती. मनाशी म्हटलं, दोनच गुण राहिलेत."

बाळ्याने चेंडू बोटांत फिरवला. "मी तुला पाहिलं होतं दादा," तो म्हणाला. "दारात. अनवाणी आला होतास. तेव्हाच मला कळलं होतं."

"मग?"

"मीही तेच म्हटलं. दोनच गुण राहिलेत."

 आईची खाट तिथेच होती. मला आठवले, त्या दिवशी चेंडू बाळ्याच्या हातातून निसटला होता. इतकी वर्षे लोक म्हणत होते की बाळ्या भावावर रागावला आहे. तो भावावर रागावला नव्हता. आणि थोरल्यालाही राग नव्हता, आपल्या थांबण्यामुळेच बाळ्याची आणि आईची शेवटची भेट हुकली अशी त्याला भीती होती. दोघेही एकाच गोष्टीपायी झुरत होते, फक्त भिंतीच्या दोन बाजूंना.

मग माझ्या पोटाखाली एक बोट आले. दोन टिचक्या. बाळ्याचा तळवा माझ्यावर टेकलेला होता. या वेळी त्याला ती खूण पोचली. त्याने मान खाली घातली, नाक ओढले आणि सर्व्हिस केली. त्या दिवशी त्यांचा डाव पहिल्यांदा एकोणिसाच्या पुढे गेला.

आता थोरल्याचे डोळे फारच अधू झाले आहेत. कधी कधी तो चार दिवस येत नाही. बाळ्याला गुडघे उठू देत नाहीत. त्या दिवसांत दोन्ही दारे बंद असतात आणि मी आईच्या रिकाम्या खाटेशेजारी उभे असते. तलावाशेजारच्या माझ्या जुन्या खोलीत आता बायका आतून कडी लावून निश्चिंतपणे कपडे बदलतात, असे वहिनी सांगत होत्या. मला बरे वाटले. कोणाची तरी गरज भागली. माझी खोली गेली ती शिक्षिकेमुळे नाही गेली. तिने आपली गरज बोलून दाखवली. आम्हाला हवे असलेले आम्ही गिळून टाकले. कोण जाणे, दोन माणसे एकेक वाक्य बोलली असती, तर त्या बाईने माझ्यासाठीही कुठेतरी एक कोपरा काढला असता.

म्हणून एक मागणे आहे, मित्रांनो. तुमच्या शाळेत, मैदानावर, वाचनालयात कोणीतरी एक दिवस कागद पसरून विचारील, तुम्हाला काय हवे, काय जपायचे? तेव्हा आपल्याला जे हवे तिथेच टिकली लावा. शेजारी कोण बघतोय याचा विचार करू नका. दुसरा बोलेल म्हणून थांबू नका, कारण दुसराही तुमच्याचसाठी थांबलेला असतो. आणि कोरी राहिलेली जागा दिसली, तर तिथे खरोखर कोणी येत नाही का, ते एकदा जाऊन बघा.

आता दुपार झाली आहे. बाळ्याच्या बाजूची कडी वाजली. तो आत आला, त्याने माझी जाळी बांधली, चेंडू माझ्यावर ठेवला आणि खाटेच्या कडेवर बसला. मी ऐकते आहे. दुसरी कडी अजून वाजलेली नाही.